घाई-सबूर पत्रव्यवहार

माझे वडील सैन्यात जनरल होते आणि निवृत्त झाल्यावर घरातही जनरलच राहिले. आई गेल्यापासून त्यांच्या हाताखाली मी एकटीच उरले आहे. चहा सात वाजता म्हणजे सात वाजता. सात वाजून दोन मिनिटांनी आलेला चहाही ते पितात, पण घड्याळाकडे बघत पितात.

मीही काही कमी नाही. नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात बावीस वर्षं काढली आहेत. जन्म, लग्न, नळजोडणी, भिंतीवरून झालेली भांडणं, या शहरातला कुठलाही कागद मागा, दहा मिनिटांत समोर ठेवते. माझ्या हातून कागद हरवत नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसले तर जन्म जाईल.

तर बाबांची पत्रं. युद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा बाबांनी आणि त्यांच्या मित्राने आपापसांत एक पद्धत पाडली. पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डाव्या बाजूला विचारणाऱ्याने विचारायचं आणि पान धाडायचं. समोरच्याने त्याच पानाच्या उजव्या बाजूला उत्तर लिहून पान परत करायचं. ज्याचा प्रश्न, त्याच्याकडे पान राहायचं. आणि एक कडक नियम होता: एक पान उत्तर घेऊन परत आल्याशिवाय दुसरं पाठवायचं नाही. युद्ध संपलं, कागद मुबलक झाला, रेघ मात्र चालूच राहिली. चाळीस वर्षं.

बाबा आघाडीवर लढणाऱ्या फौजेचे प्रमुख होते, मित्र रसदीचे प्रमुख. बाबांना कुठेही पोचायची घाई, आणि मित्राचं उत्तर ठरलेलं, "सबूर, ट्रक निघालेत." सैनिकांनी एकाचं नाव घाई ठेवलं आणि दुसऱ्याचं सबूर. या दोघांना ती नावं इतकी आवडली की सह्याही त्याच करू लागले. मी लहानपणापासून त्यांना सबूरकाकाच म्हणत आले.

म्हणत आले खरं, पण सहा वर्षांत हाक मारायची वेळ आली नव्हती. बाबांचं युद्धाच्या आठवणींचं पुस्तक निघालं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. एकाच शहरात राहून! काकांचं घर आमच्यापासून बसने वीस मिनिटांवर. जुन्या सैनिकांच्या बैठकीत एक पहिल्या रांगेत बसायचा तर दुसरा शेवटच्या. मी बाबांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, "तुला काय करायचंय?" दुसऱ्यांदा तेवढंही म्हणाले नाहीत.

अशात युद्ध संग्रहालयातल्या बाई आमच्याकडे आल्या. तरुण, हुशार, आणि हातात कायम वही. त्यांना दोन्ही सेनानींची पत्रं एकत्र छापायची होती. "त्यांच्याकडे गेले होते, ताई," बाई मला हळूच म्हणाल्या. "ते म्हणाले, माझ्याकडे काही नाही."

बाबांनी ऐकलं. ऐकू येत नाही असं ते सोयीने म्हणतात. "माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "सगळं घेऊन जा. पेटीसकट. परवा, गुरुवारी, अकरा वाजता या."

"बाबा, सगळं?" मी विचारलं.

"अडगळ झालीये," ते म्हणाले, आणि पेटीवर हात ठेवून बसून राहिले. शहाऐंशी वर्षांचा माणूस. ज्याला अडगळ म्हणायचं तिच्यावर असा हात ठेवून कोणी बसत नाही. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की राग येतो. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

बाईंना यादी हवी होती: तारीख, विषय, दोन ओळींत सार. म्हणजे पत्रं वाचणं आलं. खरं सांगते, तोवर मी त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. बाबांचं टपाल गेली पंधरा वर्षं मीच बघते, पण दफ्तरखान्यातली शिस्त अशी की कागद लावायचा, वाचायचा नाही. पान आलं की दोन्ही बाजू भरल्यात का बघायचं, तारीख बघायची, डावीकडे दोन भोकं पाडायची आणि पेटीतल्या फायलीत घालायचं. उजवी बाजू कोरी असेल तर पाकिटात घालून टपालात टाकायचं. बाबा काकांच्या प्रश्नांची उत्तरं लिहीत तेव्हा पान स्वतःच पाकिटात घालून, पाकीट चिकटवून माझ्या हातात देत. त्यात माझा काही संबंध नसे.

बुधवारी रजा घेतली आणि सकाळी पेटी उघडून बसले. पहिलंच पान युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यातलं.

डावीकडे बाबा: "सबूर, माझ्या माणसांच्या पायात बूट राहिले नाहीत. तू झोपलास का? – घाई."

उजवीकडे काका: "बूट मंगळवारी पोचतील. तू माणसांना पळवतोस म्हणून ते फाटतात. मंगळवारपर्यंत बसव त्यांना. स्वतःही बस. – सबूर."

मी एकटीच हसले. पुढचं पान: "ब्लँकेटं मागितली होती. एक ट्रक लिंबं आलीत. मी लिंबं मागितली नव्हती." आणि उत्तर: "तुझ्या माणसांच्या हिरड्या सुजल्यात असं तुझ्या डॉक्टरने मला कळवलं. तुला कळवून उपयोग नव्हता म्हणाला. ब्लँकेटं मागच्या ट्रकमध्ये आहेत. लिंबं चोख, तोंड वाकडं कर, पण चोख."

दहाव्या की अकराव्या पानावर मी होते. डावीकडे बाबांचं अक्षर जरा हललेलं: "मुलगी झाली असं कळलं. घरी तार करायला लाईन मिळत नाही." उजवीकडे: "माझ्या लाईनवरून केली. तुझ्या नावाने 'आनंद गगनात मावत नाही' असं लिहिलं. तू 'कळले' एवढंच लिहिलं असतंस. अभिनंदन, गाढवा."

ती तार आईने जन्मभर जपली होती. पाहुणे आले की काढून दाखवायची. "हे असे दिसत नाहीत, पण मनातून फार हळवे आहेत," असं बाबांबद्दल सांगायची. त्या एका तारेवर बाबांनी घरात चाळीस वर्षं हळवेपणाचा मान मिळवला, आणि तार लिहिली होती सबूरकाकांनी! मी पदराने डोळे पुसले आणि यादीत लिहिलं: "विषय: दळणवळण."

मग युद्ध संपलं आणि गुडघे सुरू झाले. "डॉक्टरने साखर बंद केली." "माझ्याही डॉक्टरने. आपण डॉक्टर बदलून बघू. तुझा मला दे." टोमॅटोच्या रोपांवर तीन वर्षं वाद. माझ्या नोकरीवर एक पान होतं, त्यात काकांनी लिहिलं होतं, "दफ्तरखान्यात लागली हे उत्तम झालं. आपल्या फौजेत अशी एक असती तर युद्ध सहा महिने आधी संपलं असतं." हे पान मी दोनदा वाचलं. एकदाच वाचलं असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुपारपर्यंत पेटीच्या तळाशी आले. शेवटचं पान सहा वर्षांपूर्वीचं, पुस्तक निघालं त्या महिन्यातलं. दोन्ही बाजू भरलेल्या, भोकं नीट पाडलेली. दोघंही एकाच सैनिकी शाळेत शिकले, एकाच मास्तरच्या छडीखाली, त्यामुळे अक्षरं सख्ख्या भावांसारखी. मी डावी बाजू वाचायला घेतली आणि थबकले. डावीकडची सही "सबूर" अशी होती.

म्हणजे प्रश्न काकांचा होता. मग हे पान आमच्या पेटीत काय करत होतं?

डावीकडे लिहिलं होतं: "घाई, तुझ्या पुस्तकात वाचलं की पुलापाशी रसद दोन दिवस उशिरा पोचली म्हणून तुला मागे हटावं लागलं. चौकशीत मीच म्हणालो होतो की उशीर माझा, जबाबदारी माझी. खरं काय ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. मी ते तुझ्यासाठी म्हणालो, तुझी फौज तुझ्याकडे राहावी म्हणून. आता तू ते छापलंस, ते कोणासाठी? – सबूर."

आणि उजवीकडे बाबा: "माझ्यासाठी. खरं लिहायला धजलो नाही. ट्रक वेळेवर आले होते. मी दोन दिवस आधी निघालो होतो, तुला न कळवता. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो. रविवारी एक वाजता जेवायला ये. आला नाहीस तर माफ केलं नाहीस असं समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही. – घाई."

सगळं आठवलं. दफ्तरखान्यात तपासणी होती, मी दारातून बाहेर पडत होते, डोक्यात दुसरंच चक्र. बाबा म्हणाले, "पाकिटं संपलीत. टेबलावर पान आहे, ते टपालात जाऊ दे." संध्याकाळी घरी आले. पान उचललं. दोन्ही बाजू भरलेल्या. दोन भोकं पाडली आणि पेटीत घातलं. इतकं नीट घातलं की देवालाही सापडू नये.

त्यानंतरचा रविवारही आठवला. बाबांनी माझ्याकडून तिघांचा स्वयंपाक करून घेतला होता. सकाळपासून निळा कोट चढवून बसले होते. तीन वाजता म्हणाले, "पाहुण्याला काही काम निघालं असेल," आणि कोट काढून ठेवला. मी विचारलंसुद्धा नाही कोण पाहुणा. उरलेल्या रश्श्याबद्दल मात्र मी भरपूर बोलले.

आणि काका? प्रश्न पाठवून बसलेले. उत्तर आल्याशिवाय दुसरं पान पाठवायचं नाही, हा नियम. दुसरी आवृत्ती निघाली असती तर त्यांना कळलं तरी असतं. पण पहिल्याच आवृत्तीचे गठ्ठे अजून आमच्या पलंगाखाली आहेत.

सहा वर्षं! दोन म्हाताऱ्यांची सहा वर्षं मी भोकं पाडून फायलीला लावली होती. त्या दिवशी बाबांना तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी काकांच्या दारात उभी होते. बटणं विकणाऱ्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर ते एकटेच राहतात. दार त्यांनीच उघडलं. वजन निम्मं झालेलं, पण शर्टाला कडक इस्त्री. खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर बरण्या, आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: खिळे, लहान. खिळे, मोठे. सुतळी. साखर (बंद). रसदप्रमुखाचं घर बघितलं की ओळखू येतं.

"अगं, तू?" ते म्हणाले. "घाईला काही झालं का?" चेहरा पांढराफटक.

"नाही, काका. ठणठणीत आहेत. हे... हे तुमचं पान आहे."

त्यांनी चष्मा लावला. खुर्चीत बसले. डावीकडचं स्वतःचंच आधी वाचलं, सबुरीने. मग उजवीकडचं. मग पुन्हा उजवीकडचं. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी पान उजेडाकडे धरलं आणि भोकांतून माझ्याकडे पाहिलं.

"ही भोकं कोणी पाडली?"

"मी," मी म्हणाले, आणि मग जे तोंड सुटलं ते थांबेचना. तपासणी, पाकिटं संपलेली, दोन्ही बाजू भरलेल्या, निळा कोट, रस्सा. सगळं सांगितलं. बावीस वर्षांत ज्या बाईने कोणापुढे मान खाली घातली नाही ती मी, खाली बघून बोलत होते. शेवटी म्हणाले, "काका, तुम्हाला हवं ते बोला मला."

काका आधी खोकले. मला वाटलं रडतायत. मग कळलं की हसतायत. हसता हसता त्यांनी खुर्चीचा हात धरला. "भोकं मात्र सरळ आहेत हं," ते म्हणाले. "एका रेषेत! फौजेतल्या कारकुनांना जन्मात जमली नाहीत." मग डोळे पुसत म्हणाले, "त्या रविवारी मी काय करत होतो सांगू? कोट घालून इथेच बसलो होतो. भांडण झालं की तो रविवारी जेवायलाच बोलावतो; म्हटलं टपाल उशिरा आलं तर धावपळ नको. तेवढा त्याच्यावर विश्वास होता. नंतरच्या रविवारीही बसलो. किती रविवार, ते विचारू नकोस."

ते उठले. कपाटातून करडा कोट काढला, झटकला, चढवला.

"चल. आणि हे बघ पोरी, यात तुझा हात आहे हे त्याला सांगायचं नाही."

"असं कसं, काका? चूक माझी आहे."

"असू दे. त्याच्याबरोबर रोज तुला राहायचंय, मला नाही. आणि मला सवय आहे त्याची." हे त्यांनी इतकं सहज म्हटलं, की कशाची सवय, ते मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. संग्रहालयाच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या, वही उघडून. टेबलावर पेटी. बाबा खिडकीपाशी. त्यांनी मान वळवली, काकांना पाहिलं आणि उभे राहिले. हल्ली त्यांना उठायला दोन मिनिटं लागतात. तेव्हा लागली नाहीत.

काकांनी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. "घाई, तुझं पान मिळालं होतं," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात. मीच रुसून बसलो. सहा वर्षं उशीर झाला. उशीर माझा, जबाबदारी माझी."

अगदी तेच शब्द, जे त्यांनी चौकशीत सांगितले होते.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. पायापासून डोक्यापर्यंत, परेड बघतात तसे.

"खोटं बोलतोस," बाबा म्हणाले.

"मी? अरे–"

"खोटारडा आहेस. पान तुला मिळालं असतं तर त्या रविवारी तू एकच्या ठोक्याला दारात असतास. भांडायला का होईना, पण असतास. तू आयुष्यात एकदाही उशिरा आलेला नाहीस."

"बाबा, ते पान–" मी पुढे झाले.

"तू थांब. तुझं नंतर बघतो," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, आणि मला कळलं की त्यांना कळलंय. नंतर खरंच बघितलं त्यांनी माझं. आठवडाभर माझा चहा घड्याळाकडे बघून आणि सुस्कारे सोडून प्यायला गेला. पण ते नंतर.

त्या क्षणी ते संग्रहालयाच्या बाईंकडे वळले. ताठ उभे राहिले आणि मैदानावरचा आवाज लावला. समोरच्या घराची खिडकी उघडली एवढा.

"बाई, लिहून घ्या. पुस्तकात छापलंय ते खोटं आहे. पुलापाशी ट्रक वेळेवर आले होते. एकूण एक ट्रक. मी दोन दिवस आधी निघालो होतो, याला न सांगता, आणि हे मी पंचेचाळीस वर्षं लपवलं. दोष रसदीचा नव्हता, माझा होता. हा माणूस कधीही, कुठेही, उशिरा पोचलेला नाही. माझ्या नावाने छापा. मोठ्या टाइपात छापा."

बाईंची पेन्सिल नुसती धावत होती. सबूरकाका दाराशीच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि तो तितकाच ओला राहिला. मी खुर्ची पुढे केली तेव्हा ते बसले.

"बाईंचं 'एकूण एक'च्या पुढचं राहिलं बघ," ते म्हणाले. "पुन्हा सांग. आणि अरे, हळू सांग की. माणसाला लिहायला वेळ तर देशील?"